खाऱ्या पाण्याने गोचीड पडत नाही

‘खाऱ्या पाण्यान गोचीड पडतत’ हे मालवण किनाऱ्यावरच्या घरांत इतक्या ठामपणे सांगितलं जातं की चार किलोचं पॉमेरियनही बिचारं लाटांत बुचकळून निघतं. गोचीड सोंडेने कातडीत रुतलेली असते, शिवाय स्वतःच्या चिकट स्रावाने तिथे पक्की झालेली असते. दोन-चार डुबक्यांनी ती गुदमरत नाही. उलट अंगावर वाळलेल्या मिठाने कुत्र्याला खाज सुटते आणि पोटात गेलेल्या पाण्याने उलट्या-जुलाब होतात. एवढ्याशा जिवाला त्यासाठी फार पाणी लागत नाही. चिवल्याला किंवा तारकर्लीला खेळायला न्यायला हरकत नाही. प्यायचं पाणी सोबत ठेवा, घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा. फक्त त्याला औषध समजू नका.

खरं तर गोचिडींचा बंदोबस्त न्हाणीत होतच नाही. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. दर वेळी रक्त पिऊन झालं की ती खाली पडते आणि चिऱ्यांच्या सांधीत, दाराच्या चौकटीमागे, कुत्रा झोपतो त्या गोणपाटाखाली दडते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते. त्यामुळे कुत्रा धुतला आणि गोणपाट तसंच राहिलं, तर पुढच्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. भेगा बुजवणं, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढणं आणि पशुवैद्याने दिलेलं औषध ही तिन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात.

रॉकेल, फिनेल आणि तंबाखूचं पाणी हे गुरांच्या गोठ्यातून आलेले उपाय. फिनेलने कातडी भाजते. तंबाखूतलं निकोटिन विष आहे आणि कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे ते थेट पोटात जातं. या उपायांबद्दल ‘थोडं चालतं’ असं म्हणायला मी तयार नाही.

२०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, तेव्हापासून कुत्र्याच्या अंगावरची प्रत्येक गोचीड लोकांना माकडतापाची वाटते. तो आजार मुख्यतः रानातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडींमुळे पसरतो. घरातली तपकिरी गोचीड कुत्र्यालाच एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार देते. कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर न्हाऊ घालत बसू नका, रक्ततपासणी करून घ्या.

आता साबणाविषयी. लहान मुलाचा शाम्पू सौम्य, म्हणजे कुत्र्याला चांगला, हा समज शहरातून आला असावा. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५.५, कुत्र्याचा सातच्या आसपास; शिवाय त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्याहून बराच पातळ. एखाद्या वेळी आपला शाम्पू वापरला म्हणून आकाश कोसळत नाही, पण नेहमी वापरला तर कातडी कोरडी पडते. त्याहून जास्त त्रास अंगात राहिलेल्या फेसाचा. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, फेस नीट येत नाही म्हणून माणूस आणखी शाम्पू ओततो आणि तो केसांच्या मुळाशी तसाच राहतो. शाम्पू कमी घ्या, पाणी जास्त.

वास येतो म्हणून दर आठवड्याला न्हाऊ घालणारेही आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. वास बहुधा कानातून, शेपटीखालच्या ग्रंथींतून किंवा ओल्या राहिलेल्या केसांतून येतो. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा अंघोळ पुष्कळ झाली.

पावसाळ्यात अंघोळीपेक्षा वाळवणं महत्त्वाचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहतं. पॉमेरियनला वरच्या लांब केसांखाली मऊ लोकरीचा दुसरा थर असतो. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, आत मात्र ओल तशीच. आपल्याकडच्या दमट हवेत तिथे बुरशी धरते, चट्टे पडतात. म्हणून आधी विंचरून गुंते काढा, कारण भिजलेला गुंता आणखी आवळतो. बंबातलं कढत पाणी नको, कोपराला कोमट लागेल इतकंच हवं. पायाखाली गोणपाट घाला, म्हणजे तो घसरून घाबरणार नाही. डोकं शेवटी, ओल्या फडक्याने पुसा. मग पंचा दाबून पाणी टिपा, ड्रायर मंद ठेवा आणि कान बाहेरून कोरडे करा. कानाची नळी आत वळलेली असते, तिथे साचलेलं पाणी आपोआप निघत नाही. उन्हाळ्यात केस भादरण्याचा मोहही टाळा. तेच केस उन्हापासून आडोसा देतात आणि पॉमेरियनचे पुन्हा नीट उगवतीलच असं नाही.

मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध कातडीच्या तेलातून पसरतं. म्हणून ते टाकण्याआधी आणि नंतर निदान दोन दिवस न्हाऊ घालू नये. घरात मांजर असेल तर वेष्टन वाचा. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराच्या जिवावर बेतू शकतं.