पडला की पाडला? ‘साईड’ने संपणाऱ्या शब्दांची उलटतपासणी

इंग्रजीत ‘साईड’ या अक्षरांनी संपणारे शब्द पुष्कळ आहेत. होमिसाईड, सुसाईड, इन्फंटिसाईड, जेनोसाईड, पेस्टिसाईड. आपल्या माणसांना यांतले निम्मे शब्द इंग्रजी न शिकताही ठाऊक असतात, कारण ते दोषारोपपत्रावर आणि कृषी सेवा केंद्रातल्या डब्यांवर भेटतात. (ट्रकवाल्याला आपण मागतो ती ‘साईड’ निराळी. तिचा अर्थ बाजू; या कुळाशी तिचे नाते नाही.)

या शब्दांच्या मुळाशी लॅटिन भाषेतले ‘कैदेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ कापणे, तोडणे, ठार करणे. आपल्या ‘कैद’ शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, तो अरबीतून आला. पण परभणीत बसून हा शब्द उच्चारताना कैद आठवल्याशिवाय राहत नाही. ‘होमो’ म्हणजे माणूस, म्हणून होमिसाईड म्हणजे मनुष्यवध. ‘सुई’ म्हणजे स्वतःला, म्हणून सुसाईड म्हणजे आत्महत्या. हा शब्द इंग्रजीत रुळला तो सतराव्या शतकात. ‘डिसाईड’ म्हणजे निर्णय घेणे, हाही याच घरातला. मूळ अर्थ कापून वेगळे करणे, वाद तोडून टाकणे. न्यायाधीश निकाल देतात तेव्हा तेही एक प्रकारे कापतच असतात. कोणाच्या बाजूने कापतात, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत.

आता गंमत पाहा. लॅटिनमध्ये याच्याच शेजारी दुसरे क्रियापद आहे, ‘कादेरे’. अर्थ पडणे. त्यातून अॅक्सिडेंट आला, इन्सिडेंट आला, आणि आम्ही वकील रोज ज्याच्यावर पोट भरतो तो ‘केस’ हा शब्दही आला. ‘कोइन्साईड’ म्हणजे योगायोगाने जुळून येणे. शेपूट ‘साईड’चेच, पण मूळ कापण्याचे नाही, पडण्याचे. म्हणजे शेवटची अक्षरे सारखी दिसली म्हणून फसू नये. एका शब्दात कोणीतरी कापलेले असते, दुसऱ्यात सगळे आपोआप पडलेले असते. मराठीत हा फरक एका कान्याचा आहे. पडणे आणि पाडणे. तो पडला, त्याला पाडला.

बौद्धांना हा फरक नवा नाही. पंचशीलातले पहिले शील ‘पाणातिपात’ या शब्दापासून सुरू होते. त्यातल्या ‘अतिपात’मध्ये ‘पत्’ म्हणजे पडणे हा धातू आहे. पण शीलात अर्थ आहे जीव पाडण्याचा, घात करण्याचा. विरत व्हायचे आहे ते करणाऱ्याने. मरणाऱ्याला कोणतेही शील सांगितलेले नाही. बाबासाहेबांनी पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश यांवर इतके कष्ट उगाच घेतले नाहीत. ते काम त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात आहे. कार्यकर्त्यांनी तो खंड कपाटातून एकदा खाली काढावा.

याउलट मनूचे शब्द. ब्रह्महत्या हे महापातक. शूद्राच्या हत्येला मात्र जे प्रायश्चित्त, तेच मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारल्याला. हे अकराव्या अध्यायात आहे. हत्या एकच, पण मेलेला कोण यावर तिचे वजन ठरवले गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ते पुस्तक जाळले गेले. वजनकाटा मात्र अजून शाबूत आहे. ‘वध’ आणि ‘हत्या’ यांतही हाच काटा. शंबूकाचा वध, आणि नथुरामाच्या पाठीराख्यांच्या तोंडी गांधींचाही ‘वध’च. मारणाऱ्याला पुण्य लागावे असा शब्द निवडला की अर्धे काम होते.

आमच्या जिल्ह्यात हे शब्द वहीतले नाहीत, घरातले आहेत. परभणी कापूस-सोयाबीनचा जिल्हा, कृषी विद्यापीठाचा जिल्हा. इथे पेस्टिसाईडला कोणी कीडनाशक म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. फवारणीचे औषध. आणि एखाद्या घरून निरोप येतो, ‘त्यानं औषध घेतलं’, तेव्हा ऐकणारा समजून जातो. एक ‘साईड’ दुसऱ्या ‘साईड’चे हत्यार होते. इंग्रजी शब्द निदान प्रामाणिक आहे. तो डब्यावरच सांगतो की हे मारणारे आहे. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करता करता वीसहून अधिक माणसे विषबाधेने गेली. त्यांत दुसऱ्याच्या रानात रोजाने फवारणारे मजूर होते. ती आत्महत्या नव्हती, मनुष्यवध म्हणून कोणी लिहिले नाही, राहिला अॅक्सिडेंट. पुन्हा ‘पडणे’. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारी मदत ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते समिती ठरवते, आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या भूमिहीनाचे मरण शेतकऱ्याचे मरण म्हणून मोजणीतच येत नाही.

पण या शब्दांची खरी कसोटी लागते ती पोलीस कोठडीत. कोठडीतल्या मरणाला कायद्याच्या भाषेत ‘कस्टोडियल डेथ’ म्हणतात. पाहा, इथे ‘साईड’ नाही. नुसता ‘डेथ’. राजाला मारले तर इंग्रजीत रेजिसाईड, बापाला मारले तर पॅट्रिसाईड, किडीला मारले तरी इन्सेक्टिसाईड. ताब्यातल्या माणसासाठी मात्र शब्द नाही. ठाण्यात पहिली नोंद होते तीही ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून.

परभणीने हे दोनदा भोगले. ख्वाजा युनूस हा इथला अभियंता तरुण डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्फोट प्रकरणात पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडी दरीत कोसळली आणि तो पळून गेला. म्हणजे गाडी ‘पडली’! प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीआयडीकडे तपास आला, तेव्हा ती कहाणी टिकली नाही आणि पोलिसांवरच खटला उभा राहिला. तो वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याची आई आसिया बेगम मात्र थकली नाही.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदनंतर वस्त्यांमध्ये धरपकड झाली. सोमनाथ पस्तीस वर्षांचा, वडार समाजाचा, कायद्याचा विद्यार्थी. होमिसाईडची व्याख्या परीक्षेसाठी पाठ करण्याचे त्याचे दिवस होते. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत तो गेला. छातीत दुखले, असे सांगण्यात आले. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला आणि मारहाण झाल्याचे त्याने दंडाधिकाऱ्यांना सांगितले नव्हते, असे निवेदन केले. शवविच्छेदनाचा अभिप्राय मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा होता. छातीत दुखणे हे ‘कादेरे’, अनेक जखमा हे ‘कैदेरे’. दोन्ही एकाच देहाविषयी लिहिले गेले.

आई विजयाबाईंनी १८ डिसेंबर २०२४ रोजी तक्रार दिली. सरकारने देऊ केलेली दहा लाखांची मदत त्यांनी नाकारली. अॅड. प्रकाश आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलैला तिथे सरकारची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर कुठे गुन्हा दाखल झाला. मृत्यू हा शब्द पुसून खून हा शब्द कागदावर आणायला एका आईला साडेसात महिने लागले. आणि हा फक्त पहिला कागद!

कोणी म्हणेल, शब्दाने काय होते? राफाएल लेम्किन या पोलंडच्या ज्यू वकिलाला विचारा. हिटलरशाहीत त्याचे बहुतेक कुटुंब मारले गेले. लाखो माणसे मारण्याच्या त्या गुन्ह्याला नावच नव्हते. १९४४ साली त्याने ग्रीक ‘गेनोस’ म्हणजे वंश आणि लॅटिन ‘साईड’ जोडून जेनोसाईड हा शब्द घडवला. चार वर्षांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार मंजूर केला. वकिली डोक्याने एक शब्द बनवला आणि जगाला कायदा करावा लागला. रोहित वेमुलाच्या जाण्यानंतर २०१६ साली आपल्या विद्यार्थ्यांनी ‘सुसाईड’ हा शब्द नाकारून ‘संस्थात्मक हत्या’ म्हटले, तेव्हा त्यांनी लेम्किनचेच काम केले, असे आम्ही मानतो.

आपल्या देशात उलट चालले आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुमोदन दिले नाही. कोठडीत जखमा आढळल्या तर त्या पोलिसांनीच केल्या असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, ही शिफारस विधी आयोगाने ११३ व्या अहवालात १९८५ साली केली. २०२३ चे नवे साक्ष्य कायदे लिहिताना हिंदी नावे ठेवायला वेळ मिळाला, या एका कलमाला जागा मिळाली नाही. भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवध कलम १०० वर आणि खून १०१ वर आला, कोठडीतील हत्या नावाचा गुन्हा कुठल्याच क्रमांकावर नाही.

म्हणून तालुक्या-तालुक्यांतून निवेदने टाईप करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. ‘कोठडीत मृत्यू पावला’ असे आपल्या हाताने लिहू नका. ‘पावला’ हा फार मवाळ शब्द आहे, देवाला लावतात. ‘कोठडीत मारहाण करून ठार केले’ असे लिहा, कर्त्यासह लिहा, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खालील न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची मागणी त्याच अर्जात, पहिल्याच दिवशी, पोच घेऊन करा.