जोडी कितीला?

सकाळी ७

शटर अर्धंच वर करतो आणि दिवे लावायच्या आधी वास घेतो. रात्रीत मासा मेला असेल तर ते आधी नाकाला कळतं, डोळ्यांना नंतर. मग पंपांचा आवाज ऐकायचा. बावीस टाक्यांच्या बुडबुड्यांत एखादी गप्प असली तर तेवढ्या घरघरीतही ते जाणवतं.

डिसेंबरातला रविवार आहे. बाहेर १२ अंश. हीटर नसलेल्या टाक्यांचं पाणी रात्रीत १९ वर उतरलंय. गोल्डफिशला ते मानवतं, तो मुळात थंड पाण्यातलाच. त्याच्या शेजारच्या फळीवर फायटरच्या टाकीत २७ अंश आहेत, कारण त्याचं मूळ थायलंडच्या उथळ, उबदार पाण्यात. हे दोघं एकत्र राहतील का, असं कुणी विचारलं की मी त्याला दोन्ही काचांवरचे थर्मामीटर दाखवतो.

आज मेलेलं कुणी नाही. पण टायगर बार्बच्या टाकीत काल संध्याकाळी दोनच उरले होते, त्यातल्या एकाची शेपटी सकाळी कुरतडलेली दिसली. काल आठ एकत्र गेले, ते ठीकच झालं. मागे राहिलेल्या दोघांचं काय, याचा विचार मी केला नाही. हा मासा टोळीतला. टोळीत असला की त्याची सगळी दांडगाई आपापसात वाटली जाते, दोनच उरले की सगळी एकाच्या अंगावर येते. दोघांच्या मध्ये जाळीचा पडदा लावला.

सकाळी ८.३०

मुंबईहून पार्सल आलं. थर्माकोलच्या तीन पेट्या, आत ऑक्सिजन भरलेल्या फुगीर पिशव्या. यातले बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागात वाढलेले असतात. तिथे घरोघरी, गच्चीवरच्या सिमेंटच्या टाक्यांतसुद्धा शोभेचे मासे काढतात.

या कामात घाई करून चालत नाही आणि रेंगाळूनही चालत नाही. रात्रभर मासे बंद पिशवीत श्वास घेत असतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि पाण्याचा सामू उतरतो. सामू उतरला की विष्ठेतून आणि कल्ल्यांतून आलेला अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसायचं नाही. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवायची, तापमान जुळलं की उघडायची, मासे जाळीत घेऊन टाकीत सोडायचे आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. तुम्ही दुकानातून अर्ध्या तासात घरी नेता तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा टाकीचं पाणी वाटीवाटीने पिशवीत मिसळत गेलेलं चांगलं. पिशवीतलं पाणी मात्र तेव्हाही टाकीत ओतू नये.

हा माल आज विक्रीला नाही. दोन आठवडे मागच्या खोलीत राहील. थंडीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार येतो. त्याचा जंतू अंगावरून गळून तळाशी बसतो, तिथे फुटून शेकड्यांनी वाढतो आणि पुन्हा माशावर चढतो. एक आजारी मासा विकला तर गिऱ्हाइकाची सगळी टाकी जाते. दोन आठवड्यांचं खाणं आणि वीज माझ्या खिशातून गेलेली मला परवडते.

सकाळी १०.३०

“काका, जोडी कितीला?”

विचारणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी. मागे तिचे वडील, वाघोलीहून आलेले. “प्रत्येक रंगाची एकेक जोडी द्या,” ते म्हणाले. “वाढदिवसाला टाकी घेतलीये.”

“केवढी?”

“दोन फुटी.”

“भरली कधी?”

“काल रात्री.”

“पाणी कुठलं?”

“सोसायटीचं. बोअर आणि टँकर.”

हे तीन प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि उत्तरं मिळेपर्यंत जाळी हातात घेत नाही.

आपल्याकडे पाळीव जीव जोडीने घ्यायची रीत आहे. कबुतरांची जोडी, सशांची जोडी. दुकानदारही भाव जोडीचाच सांगतात. पण माशांना ही रीत क्वचितच लागू पडते. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले तर एक जिवानिशी जातो. नर-मादी ठेवली तरी तिचे पर फाटेस्तोवर तो तिला पळवतो. अंडी घालण्यापुरतंच त्यांना एकत्र आणायचं, ती झाली की मादी बाजूला. अंडी आणि पिल्लं नर एकटाच सांभाळतो. घरच्या टाकीत म्हणून फायटर एकच. गप्पीची जोडी घेतली तर नर दिवसभर मादीच्या मागे लागतो आणि ती थकून जाते. तिथे एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. निऑन टेट्रा दोनच घेतले तर ते झाडाच्या मागे दडून बसतात, रंग फिके पडतात, खात नाहीत. आठ-दहा एकत्र सोडा, तेच मासे टाकीच्या मधोमध फिरायला लागतात. तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरासचंही तसंच, सहाच्या खाली नाहीत. एकटा, तिघं-चौघं, किंवा थवा. जोडी फार थोड्यांची.

मुलगी ऐकत होती. “मग निळे-लाल दहा द्या,” ती निऑनकडे बोट दाखवून म्हणाली.

इथे पाण्याचा प्रश्न येतो. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी हलकं असतं. बोअरचं पाणी खडकातून झिरपत क्षार घेऊन येतं, जड असतं. निऑन अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी पालापाचोळ्याने चहासारखं आणि जवळजवळ क्षारहीन. जड पाण्यात तो दिवस काढतो, पण उमलत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र जड पाणीच आवडतं. बोअरच्या पाण्यात निऑन जगवण्याची खटपट करण्यापेक्षा पाणी पाहून मासा निवडणं सोपं, आणि माशावर उपकार. मुलीने दप्तरातली बाटली पुढे केली. ते आरओचं निघालं, त्यावरून काहीच कळत नाही. नळाचं भरून आणायला सांगितलं.

तरी आज मासे दिलेच नाहीत. काल भरलेल्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, तेव्हा कुठे पाणी माशांच्या लायकीचं होतं. आपलं आपण व्हायला महिना-दीड महिना लागतो. माझ्या निरोगी टाकीतल्या स्पंज फिल्टरचा एक जुना तुकडा तिला पिशवीत ओला बांधून दिला. तो फिल्टरमध्ये ठेवायचा आणि रोज चिमूटभर खाणं टाकायचं, म्हणजे काम लवकर होतं. पंधरा दिवसांनी नळाचं आणि टाकीचं असं दोन बाटल्या पाणी घेऊन ये म्हणालो. तेव्हा सहा गप्पी देईन, सगळे नर. रंग नरांनाच असतात. आणि एक मादी जरी घरी गेली तरी ती नराचं बीज महिनोन् महिने साठवून साधारण दर महिन्याला पिल्लं देत राहते. दोन फुटी टाकीला ते झेपत नाही.

डोळे भरले होते तिचे. वडीलही थोडे नाराज. पण स्पंज तिने दोन्ही हातांनी धरला होता.

दुपारी १२

कोथरूडच्या एक बाई. तीन फुटी टाकी, महापालिकेचं पाणी, हीटर लावायचा नाही. यांचं काम सोपं आणि मला आनंदाचं. दहा झेब्रा आणि सहा रोझी बार्ब. दोन्ही आपल्या देशातल्या ओढ्या-नद्यांचे, हिवाळ्यातलं १८ अंशांचं पाणी सोसणारे, चपळ, एकमेकांच्या वाटेला न जाणारे. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवर १८२२ साली जे पुस्तक लिहिलं त्यात हे दोन्ही आहेत. आज जगभरच्या प्रयोगशाळांत झेब्रा आहे, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक त्याला ‘साधा’ म्हणून ओलांडून जातं. याचं मला वाईट वाटतं. निम्मे आज दिले, निम्मे दोन आठवड्यांनी. टाकी जुनी असली तरी भार एकदम टाकू नये.

दुपारी २

शटर खाली. डबा, मग टाक्यांचं पाणी. प्रत्येक टाकीचं पाव पाणी काढायचं, ड्रममधलं अँटिक्लोरीन घातलेलं भरायचं.

एंजलच्या टाकीपाशी हात थांबतो. माझ्या पहिल्या टाकीत मी दहा निऑन आणि दोन एंजल ठेवले होते. एंजल तेव्हा रुपयाएवढे. चार महिने सगळं सुंदर होतं. मग निऑन नऊ दिसले, मग सात. मेलेला मासा कुठे सापडेना. मी फिल्टर उघडून पाहिला, झाकणाच्या फटी बुजवल्या. शेवटी एका पहाटे दिवा लावला तेव्हा एंजलच्या तोंडातून निळी शेपटी बाहेर होती. त्याचा दोष नव्हता. अॅमेझॉनच्या पाण्यात तो एवढाले मासे खातो. पाणी एक, तापमान एक, स्वभावही शांत, तरीही जोड जमली नाही, कारण मी त्याच्या आजच्या आकाराकडे पाहिलं, वाढल्यानंतरच्या तोंडाकडे नाही. दुकानातला जवळजवळ प्रत्येक मासा पिल्लू असतो.

संध्याकाळी ५.३०

गर्दी. एका तरुणाला दोन फुटी टाकीत चार ‘शार्क’ हवे होते. ज्याला बाजारात शार्क म्हणतात तो खरं तर पंगेशियस, खाण्यासाठी तळ्यांत वाढवतात तोच. बोटाएवढा मिळतो आणि मीटरभर होतो. मी तो ठेवतच नाही. त्याला मोबाइलवर पूर्ण वाढीचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

त्यानंतर एक वयस्कर गृहस्थ. घरात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायचे, असं त्यांना कुणी सांगितलेलं. टाकी अडीच फुटी. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावला नाही. एवढंच सांगितलं, की काका, गोल्डफिश तळहाताएवढा होतो, घाण फार करतो, नवांना चारशे लिटर पाणी तरी लागेल, तुमच्या टाकीत शंभरही मावत नाही. दर महिन्याला एक मेलेला काढून नवा आणण्यात कसलं शुभ? मग विचारलं, आठ केशरी प्लॅटी आणि एक काळी प्लॅटी चालेल का? पाणी त्यांच्याकडेही बोअरचंच. हीटर मात्र लागेल म्हटलं. त्यांनी घरी फोन लावला, बोलले, आणि हो म्हणाले.

काच साफ करायला सकर मागणारे तिघं आले. सकर शेवाळ खातो, हे खरं. तो दीड फुटाचा होतो, हेही खरं. तेवढा झाला की लोक तो नदीत सोडून येतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता आपल्या देशातल्या नद्यांत पसरला आहे. सोडणाऱ्याला वाटतं आपण जीव वाचवला. तिघांनाही स्पंज आणि काच घासायची पट्टी दिली.

रंग टोचलेले काचमासे आहेत का, असंही एकाने विचारलं. नाहीत. पारदर्शक माशाच्या अंगात सुईने रंग भरतात, तो माल या दुकानात कधी आला नाही आणि येणार नाही.

रात्री ८.३०

दिवे मालवायच्या आधी शेवटचं चिमूटभर खाणं. फायटर आपापल्या खणात. वर येऊन हवेचा घोट घेतात आणि पानाला टेकतात.

मासे घ्यायला येताना नळाचं पाणी बाटलीत आणा, टाकीची लांबी-रुंदी-उंची लिहून आणा, घरी आधीचे मासे असतील तर त्यांचा फोटो आणा. आणि कुठलाही मासा डोईजड झाला तर नदीत किंवा तळ्यात सोडू नका. माझ्याकडे परत आणून द्या, पैसे न घेता ठेवून घेतो.

टायगर बार्ब दोनच आहेत. संध्याकाळी दोघांनी त्यांची जोडी मागितली, दिली नाही. आज आलेल्या पेटीत सहा आहेत. दोन आठवड्यांनी ते पुढच्या टाकीत येतील, तेव्हा मधला पडदा काढीन.