किशोरवयातील लोहशोषण व जीवोपजीवी संसर्ग

जीवोपजीवींच्या (दुसऱ्या सजीवाच्या शरीरात वा शरीरावर राहून त्याच्यापासून अन्न मिळविणाऱ्या सजीवांच्या) संसर्गामुळे १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या शरीरातील लोहाचे शोषण, साठा व व्यय यांत जो बिघाड होतो, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. आतड्यातील जंत अन्नातील लोह खाऊन टाकतात व त्यामुळे पांडुरोग (रक्तक्षय) होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. या बाबतीत सर्वांत घातक ठरलेले अंकुशकृमी शोषणात अडथळा आणण्यापेक्षा, आधीच शोषिले गेलेले लोह रक्तावाटे बाहेर घालवितात. शोषणाला खरी बाधा येते ती मुख्यतः शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करणाऱ्या किंवा आतड्याच्या अस्तराला इजा करणाऱ्या संसर्गांमुळे. हा भेद लक्षात घेतल्यावाचून उपचाराची व प्रतिबंधाची दिशा ठरत नाही.

लोहाचे शोषण : प्रौढ मानवी शरीरात ३ ते ४ ग्रॅ. लोह असते. त्याचा सु. दोन तृतीयांश भाग तांबड्या रक्तकोशिकांतील रक्तारुण म्हणजेच हीमोग्लोबिन या द्रव्यात असतो. एक ग्रॅ. रक्तारुणात सु. ३.४ मिग्रॅ. लोह असते. झडणाऱ्या कोशिकांबरोबर रोज सु. १ मिग्रॅ. लोह शरीराबाहेर जाते. जादा लोह उत्सर्जित करण्याची स्वतंत्र यंत्रणा शरीरात नाही. त्यामुळे लोहाचा समतोल केवळ शोषणावरील नियंत्रणानेच राखला जातो.

हे शोषण मुख्यतः ग्रहणीत (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) होते. यकृतात तयार होणारे हेपसिडीन हे हॉर्मोन त्यावर नियंत्रण ठेवते. साठा कमी झाला की हेपसिडीन घटते व शोषण वाढते. साठा भरला की याच्या उलट घडते. शरीरात शोथ असल्यास मात्र साठा रिकामा असूनही हेपसिडीन वाढू शकते. मग अन्नातील लोह आतड्याच्या कोशिकांतच अडकून त्यांच्याबरोबर झडून जाते आणि साठ्यातील लोहही अस्थिमज्जेपर्यंत पोहोचत नाही.

मांस व मासे यांतील रक्तारुणजन्य लोह सहज शोषिले जाते. बाजरी, ज्वारी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह मात्र धान्यातील फायटेटांमुळे आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहातील टॅनिनांमुळे बांधले जाते. अशा आहारातील लोहापैकी सामान्यतः शेकडा १० पेक्षाही कमी भाग शरीराला मिळतो. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे हे प्रमाण वाढते.

किशोरवयातील गरज : या वयात उंची, स्नायू व रक्ताचे एकूण घनफळ झपाट्याने वाढते. मुलींच्या बाबतीत त्यात मासिक पाळीतील रक्तस्रावाची भर पडते. सरासरीने तो व्यय रोज सु. ०.५ मिग्रॅ. लोहाइतका असतो. सर्व मिळून वाढीच्या वयातील मुलीला रोज सु. २ मिग्रॅ. लोह प्रत्यक्ष शोषून घ्यावे लागते. जेवणातून १५ मिग्रॅ. लोह पोटात गेले व त्यापैकी शेकडा १० शोषिले गेले, तरी मिळते ते १.५ मिग्रॅ. म्हणजे कृमींचा संसर्ग नसतानाही तूट संभवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के, तर त्याच वयाच्या मुलांपैकी ३१.१ टक्के पांडुरोगग्रस्त आढळले. याउलट २०१६–१८ मधील राष्ट्रव्यापी पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील मुलींत हे प्रमाण ४० टक्के व मुलांत १८ टक्के आढळले. वयोगटातील फरकाबरोबरच, पहिल्यात बोटाच्या टोकाचे व दुसऱ्यात नीलेतील रक्त तपासले होते, हेही या तफावतीचे एक कारण समजले जाते. मुलींतील प्रमाण मुलांच्या सु. दुप्पट, ही गोष्ट मात्र दोहोंत समान आहे.

अंकुशकृमी : मानवात अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल व नेकेटर अमेरिकॅनस या दोन जाती प्रामुख्याने आढळतात, भारतात दोन्ही आहेत. पहिली जाती आंजेलो दुबीनी यांनी मिलान येथे १८३८ मध्ये शवविच्छेदनात पाहिली. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉटहार्ड बोगद्याच्या कामगारांत १८८० च्या सुमारास पसरलेल्या तीव्र पांडुरोगाचा या कृमींशी असलेला संबंध उघड झाला. डिंभ (अळी) त्वचेतून शरीरात शिरतो, हे आर्थर लूस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे दाखविले.

रुग्णाच्या विष्ठेतील अंडी ओलसर, सावलीच्या व भुसभुशीत मातीत एकदोन दिवसांत फुटतात. पाच ते दहा दिवसांत संसर्गक्षम झालेले डिंभ अनवाणी पावलांच्या त्वचेतून शिरून रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशात व गिळले जाऊन लहान आतड्यात पोहोचतात. तेथे कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. रक्त गोठू न देणारी द्रव्ये ते स्रवत असल्याने त्यांनी जागा बदलल्यावरही जखमेतून रक्त पाझरत राहते.

नेकेटर जातीच्या एका कृमीमुळे रोज सु. ०.०३ मिलि., तर अँकिलोस्टोमाच्या एका कृमीमुळे सु. ०.१५ मिलि. रक्त जाते. रक्तारुणाचे प्रमाण १०० मिलि. रक्तात १० ग्रॅ. धरल्यास, नेकेटरच्या १०० कृमींमुळे रोज ३ मिलि. रक्त म्हणजे सु. १ मिग्रॅ. लोह जाते, तितक्याच अँकिलोस्टोमा कृमींमुळे १५ मिलि. रक्त म्हणजे सु. ५ मिग्रॅ. लोह जाते. त्यातील काही भाग आतड्यात पुन्हा शोषिला जातो. तरी वर सांगितलेल्या १.५ मिग्रॅ. प्राप्तीशी हे आकडे ताडून पाहिल्यास तूट किती मोठी असते हे स्पष्ट होते. हेपसिडीन घटून शोषण वाढते खरे. परंतु बाजरी-ज्वारीच्या आहारात त्या वाढीला मर्यादा असते.

इतर जीवोपजीवी : चाबूककृमी मोठ्या आतड्यात राहतात. त्यांच्यामुळे होणारा रक्तस्राव अल्प असतो. मात्र संसर्ग तीव्र असल्यास आमांशासारखी लक्षणे व पांडुरोग उद्‌भवतो. मोठा गोल जंत रक्त शोषत नाही. तो भूक, पचन व अ जीवनसत्त्वाचे शोषण यांत बिघाड करतो. जिआर्डिया हा एककोशिक जीव नेमका ग्रहणीत वस्ती करतो. त्यामुळे तेथील रसांकुर (अस्तरावरील बोटांसारखे उंचवटे) आखूड होऊन शोषणाचे क्षेत्र घटते. हिवतापात तांबड्या कोशिका फुटतात आणि शोथामुळे हेपसिडीन वाढून लोहशोषण मंदावते. म्हणूनच गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या प्रदेशात लोहाच्या गोळ्यांबरोबर हिवतापाचा प्रतिबंध व उपचारही चालू असावे लागतात.

निमगाव केतकी परिसर : पुणे जिल्ह्याचा बारामती–इंदापूर हा भाग पर्जन्यछायेतील आहे. कोरड्या, तापलेल्या जमिनीत अंकुशकृमीचे डिंभ तग धरीत नाहीत. परंतु ओलिताच्या शेतीत परिस्थिती बदलते. नीरा डावा कालवा व विहिरी यांच्या पाण्यावर या भागात उसाचे क्षेत्र वाढले. बारामती–इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी येथील विड्याच्या पानांचे मळे प्रसिद्ध आहेत. पानमळ्यात सतत ओल, दाट सावली व खत घातलेली मऊ माती असते; डिंभांना लागते ती हीच परिस्थिती. तथापि ओल व सावली एवढ्याने रोग होत नाही. मातीत मानवी विष्ठा मिसळणे आणि तीत अनवाणी वावरणे, या दोन गोष्टी जुळून आल्या तरच संसर्ग होतो. म्हणून अवर्षणप्रवण तालुक्याची सरासरी लक्षात घेऊन चालत नाही. ओलिताच्या शिवारांचा वेगळा विचार करावा लागतो.

ऊसतोडणीच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या कुटुंबांतील किशोरवयीन मुलामुलींना हा धोका अधिक संभवतो. कारण फडाजवळच्या तात्पुरत्या वस्तीत शौचालयाची व पाण्याची सोय बहुधा अपुरी असते आणि शाळेतून वाटल्या जाणाऱ्या गोळ्याही हंगामात त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण असते. निमगाव केतकी हा संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मोठा समुदाय येथे उतरत असल्याने मार्गावरील फिरत्या शौचालयांना आरोग्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

निदान : विष्ठेच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत अंड्यांची संख्या मोजतात. एक ग्रॅ. विष्ठेत २,००० पेक्षा कमी अंडी असल्यास अंकुशकृमींचा संसर्ग सौम्य, ४,००० व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. रक्तातील फेरिटिनाच्या प्रमाणावरून लोहाचा साठा कळतो. परंतु शोथामुळे फेरिटीन वाढत असल्याने संसर्ग असताना हा आकडा फसवा ठरू शकतो. सर्वच पांडुरोग लोहन्यूनतेचा नसतो. मुंबईतील गर्भवती स्त्रियांमधील पांडुरोगाच्या अभ्यासात लूसी विल्स यांना १९२८ नंतरच्या काळात वेगळ्याच पोषकद्रव्याची उणीव आढळली. ते द्रव्य पुढे फॉलिक अम्ल म्हणून ओळखले गेले.

उपचार व प्रतिबंध : अल्बेंडाझोलाची ४०० मिग्रॅ.ची एक गोळी चावून खाल्ल्यास अंकुशकृमींचा बराच नाश होतो. चाबूककृमींवर एका मात्रेचा परिणाम कमी होतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा व अंगणवाड्यांतून हे औषध दिले जाते; एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी मात्रा देतात. २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार किशोरवयीनांना आठवड्यातून एकदा ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असलेली निळी गोळी देतात. ती जेवणानंतर, पण चहाबरोबर न घेता, घ्यावी.

जंतनाशक औषध सरसकट सर्वांना दिल्याने रक्तारुणाच्या सरासरी प्रमाणात विशेष वाढ होत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणांत दिसून आले आहे. याचे एक कारण असे की, ज्यांच्यात कृमी थोडे त्यांचा पांडुरोग बहुधा आहारजन्य असतो आणि ज्यांच्यात कृमी पुष्कळ त्यांचा रिकामा झालेला साठा केवळ जंत पडल्याने भरून येत नाही. उलट तीव्र संसर्ग कायम ठेवून नुसते लोह दिल्यास ते रक्तावाटे पुन्हा निघून जाते. म्हणून दोन्ही उपाय एकत्र योजावे लागतात आणि रक्तारुण पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी लोह आणखी दोनतीन महिने चालू ठेवावे लागते. पुनःसंसर्ग टाळण्यासाठी शौचालयाचा नियमित वापर, ताजी मानवी विष्ठा खत म्हणून न वापरणे, शेतात पादत्राणे घालणे व स्वच्छ पाणी हेच टिकाऊ उपाय होत. महाराष्ट्रात २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानासारख्या उपक्रमांचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.