एक सोयरीक आणि दोन देवळें

परधर्माविषयीं बोलतांना आपण शिकलीं-सवरलीं माणसेंहि एक चूक हटकून करतों. आपल्या घरांतील स्मार्त-भागवत, शैव-वैष्णव हे बारीक भेद आपणांस तोंडपाठ असतात. शेजाऱ्याचा धर्म मात्र आपण एका शब्दांत गुंडाळून ठेवतों. 'ते ख्रिस्ती' एवढें म्हटलें कीं आपली जिज्ञासा संपली! आमचीहि स्थिति याहून निराळी नव्हती. बीड जिल्ह्यांत संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. वर्गांत चार ख्रिस्ती मुलें असत. त्यांतील कांहीं आपल्या धर्मगुरूस 'फादर' म्हणत व कांहीं 'पाळकसाहेब' म्हणत, एवढेंच काय तें आमच्या कानांवर होतें. हा भेद केवढा खोल आहे हें आम्हांस कळलें तें निवृत्तीनंतर, एका जुन्या विद्यार्थ्यामुळें.

हा गृहस्थ आष्टी तालुक्यांतला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या नगरकडील वेशीवरचा. त्याच्या पणजोबांनीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला. एके दिवशीं तो उतरलेल्या तोंडानें आमच्या ओसरीवर येऊन बसला. "गुरुजी, मुलीची सोयरीक जमली आहे, पण आमचे बाबा कार्याला उभे राहायला तयार नाहींत." आम्हांस वाटलें, मुलगा परजातीचा असावा. परंतु तसेंहि नव्हतें. जात एक, बोली एक, दोहोंचे पूर्वज गांवकुसाबाहेरचेच. मुलगा श्रीरामपूरकडचा, शिकलेला, निर्व्यसनी, आणि ख्रिस्तीच. फक्त रोमन कॅथॉलिक! "त्या घरांत मरियेच्या मूर्तीपुढें मेणबत्त्या लावतात. 'माझ्या आज्यानें मूर्ति सोडल्या, त्या माझ्या नातीनें पुन्हा धरायच्या का?' असें बाबा विचारतात. तुम्ही शास्त्र जाणतां. तुम्हीच कांहीं सांगा."

आमचें शास्त्र येथें काय कामाचें? परंतु विद्यार्थ्यास रिकाम्या हातानें परत पाठविणें बरें वाटेना. पुढील कांहीं महिने आम्हीं या विषयाचें वाचन केलें, दोन्ही पंथांच्या जाणत्या माणसांस विचारलें. त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

या भांडणाचें मूळ प्रमाणाच्या प्रश्नांत आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं जर्मनींतील विटेनबर्ग येथें मार्टिन ल्यूथर यानें ९५ कलमें मांडून पापदंडाच्या माफीपत्रांच्या व्यवहारावर हल्ला चढविला. वाद वाढत वाढत या मुद्द्यावर आला कीं, धर्माचा शेवटचा निर्णय कशावरून करावयाचा? ल्यूथर म्हणाला, केवळ शास्त्रवचनावरून. रोमच्या बाजूनें ट्रेंट येथील परिषदेनें (१५४५ ते १५६३) उत्तर दिलें कीं, शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा हीं दोन्ही मान्य. श्रुति आणि शिष्टाचार यांच्या बलाबलावर मीमांसकांनीं घातलेला काथ्याकूट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा प्रश्न परका वाटूं नये.

बाकीचे भेद याच मुळाच्या फांद्या होत. कॅथॉलिकांचे संस्कार सात. प्रॉटेस्टंट बहुधा बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मानतात. कॅथॉलिकांच्या बायबलांत ७३ पुस्तकें, प्रॉटेस्टंटांच्या ६६. मिस्सेंतील भाकर व द्राक्षारस हीं ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतात, अशी कॅथॉलिकांची श्रद्धा. अमेरिकन मिशनच्या परंपरेंत तें मुख्यतः प्रभूचें स्मरण. कॅथॉलिक धर्मगुरु ब्रह्मचारी, तर पाळक गृहस्थाश्रमी. कॅथॉलिक २ नोव्हेंबरला मृतांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंटांस मृतांसाठीं मागणें मान्य नाहीं. दहा आज्ञांची मोजणीहि सारखी नाहीं! मूर्ति करूं नको ही बहुतेक प्रॉटेस्टंटांची स्वतंत्र दुसरी आज्ञा. कॅथॉलिक ती पहिलींतच धरतात. म्हणजे आष्टीच्या म्हाताऱ्याचा हट्ट हा पोरकट हट्ट नव्हता. लहानपणीं पाठ केलेली दुसरी आज्ञा तो आम्हांस ऐकवीत होता.

यावर कॅथॉलिक काय म्हणतात? आराधना एकट्या देवाचीच. मरियेस व संतांस केवळ मान द्यावयाचा, आणि मूर्तीपुढें केलेलें वंदन मूर्तीस न पोंचतां ती ज्याची त्यास पोंचतें. ७८७ सालच्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेनें हाच निर्णय दिला होता. 'म्हणजे हे तर आपल्यासारखेच!' असें कोणी वाचक म्हणतील. आमची त्यांस विनंति कीं, इतकी घाई करूं नये. मूर्तींत प्राणप्रतिष्ठा होते असें कॅथॉलिक मुळींच मानीत नाहींत.

आतां एक मौज पाहा. हें युरोपांतलें भांडण मराठीच्या अंगणांत फार लौकर आलें. फादर थॉमस स्टीफन्स हा १५४९ सालीं जन्मलेला इंग्रज. त्याच्या तरुणपणीं इंग्लंडांत राणी एलिझाबेथच्या प्रॉटेस्टंट राजवटीनें कॅथॉलिकांना धर्म पाळणें कठीण करून टाकलें होतें. त्यानें देश सोडला, १५७५ सालीं रोम येथें जेजुइट संघांत प्रवेश केला व १५७९ सालीं तो गोव्यास उतरला. तेथें त्यानें सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. आमच्या अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) त्याचे समकालीन, वयानें जवळजवळ बरोबरीचे. एक बालाघाटावर ओव्या रचीत होता, दुसरा सासष्टींत. दोघांस एकमेकांची वार्ताहि नसावी!

प्रॉटेस्टंट आले ते नंतर, आणि निराळें साधन घेऊन. विल्यम कॅरे यानें श्रीरामपूर (बंगाल) येथून १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८११ सालीं मराठी नवा करार प्रसिद्ध केला. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) ठाणें केलें, आणि तेथेंच १८४२ सालीं 'ज्ञानोदय' सुरू झालें. त्या वेळीं नगर इंग्रजी अमलांत व आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत. पण माणसांच्या सोयरिकी सरहद्द मानीत नव्हत्या, तशी नवी शिकवणहि मानीना. एका पंथानें मराठीस पुराण दिलें, दुसऱ्यानें मूळ ग्रंथाचें भाषांतर. परंपरा आणि वचन यांचा जुना वाद असा ग्रंथरूपानें आपल्या भाषेंत उभा राहिला.

त्या वादांत आपल्यांतलीं माणसेंहि सांपडलीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन भगिनींच्या मठांत राहत असतांना बाप्तिस्मा घेतला. हा पंथ रोमपासून फुटलेला. परंतु त्या भगिनींचें वळण कॅथॉलिक, धर्मगुरूंचा अधिकार मानणारें. रमाबाईंस कोणाचेंहि म्हणणें तपासल्यावांचून मान्य होईना. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असाहि त्यांचा सवाल होता! पुढें केडगांवीं त्यांनीं बायबलाचें मराठी भाषांतर केलें. तें त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें पुढील गोष्टीचें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं अमेरिकन मिशनच्या, म्हणजे केवळ वचन मानणाऱ्या पंथाच्या, हातून बाप्तिस्मा घेतला. आणि त्यांनीं काय केलें? अभंग रचले, कीर्तनें केलीं, 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. उलट वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथॉलिक धर्मगुरु, पुराणकार स्टीफन्सच्या परंपरेंतले; त्यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें. जानेवारी २०२० मध्यें आमच्या शेजारच्या उस्मानाबादेस (धाराशिवास) भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षहि तेच होते. म्हणजे प्रॉटेस्टंटानें पुराणाची वाट धरली व कॅथॉलिकानें भाषांतराची! एका भाषेंत राहिल्यावर दोघांनीं एकमेकांचीं साधनें उचललीं.

यावरून वाद मिटला असें मात्र समजूं नये. एकाच वस्तींत दोन देवळें (नगरकडचे ख्रिस्ती लोक प्रार्थनामंदिरास देऊळच म्हणतात) आणि मृतांसाठींहि दोन जागा असें पुष्कळ गांवीं दिसतें. 'तुमच्या लोकांनीं आमचीं घरें फोडलीं' ही तक्रार आम्हीं दोन्ही तोंडून ऐकली. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या दोन्ही देवळांच्या वाटेवर ज्यांनीं पाऊल टाकलें, त्यांस आमच्या देवळांच्या पायरीवरहि उभें राहूं दिलें जात नव्हतें. तेव्हां त्यांच्या भांडणास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

वरच्या पातळीवर बरेंच सामोपचारानें झालें आहे. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिन सोडून मराठींत आली, आणि प्रॉटेस्टंटांस 'विभक्त बंधु' म्हटलें गेलें. इकडे नगरच्या मिशनची मंडळी अँग्लिकन वगैरे पंथांसह २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या नांवानें एक झाली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबर्ग येथें कॅथॉलिक व ल्यूथरन यांनीं, मनुष्य देवापुढें निर्दोष कसा ठरतो या मूळ वादावर संयुक्त निवेदन केलें. तरी प्रभुभोजनाची पंगत अद्याप एक नाहीं. एकत्र जेवतां येत नाहीं यांतलें दुःख आपल्यासारख्या पंक्तिभेद पाळलेल्या समाजास समजावून सांगावयास नको.

आम्हीं विद्यार्थ्यास बोलावून विवाहाचे नियम उलगडून सांगितले. बिशपांची परवानगी लागेल. मुलीचा बाप्तिस्मा कॅथॉलिक मान्य करतात; तो पुन्हा घ्यावा लागत नाहीं, पंथहि सोडावा लागत नाहीं. पूर्वीं मुलें कॅथॉलिक करण्याचें वचन दोघांकडून घेत. १९७० पासून तें कॅथॉलिक पक्षाकडूनच घेतात, तेंहि 'शक्य तें सर्व करीन' अशा शब्दांत, आणि दुसऱ्या पक्षास त्याची कल्पना देतात. "हें शेवटचें बाबांपासून लपवूं नकोस," असें आम्हीं बजावलें.

आणि आम्हीं त्यास आमच्या घरची गोष्ट सांगितली. आमची आई माध्वांची लेक, वडील स्मार्त. एकादशी दोन दिवशीं आली कीं एके दिवशीं आजीचा उपास, दुसऱ्या दिवशीं आईचा. आजी कुरकुरे, पण आईच्या उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी तीच रांधी. कोणाचें पंचांग खरें, हें त्या घरांत कधींच ठरलें नाहीं.

लग्न नवऱ्या मुलाच्या देवळांत लागलें. मुलीच्या पाळकांस सन्मानानें बोलावून शास्त्रवाचनाचा मान दिला गेला. म्हातारा पहिल्या बाकावर होता. सर्वांनीं गुडघे टेकले तेव्हां तो हात जोडून उभा राहिला, आणि त्यास कोणीं कांहीं म्हटलें नाहीं. मुलीनें सासरीं आजोबांचें ६६ पुस्तकांचें बायबल नेलें आहे. सायंप्रार्थनेला ती त्यांतून वाचते. तें सासरच्या पुस्तकांतहि आहेच.

सप्टेंबरांत श्रीरामपूरजवळ हरेगांवीं मतमाउलीची यात्रा भरते. नातीचें सासर त्या वाटेवर. त्या दिवसांत म्हातारा तेथें गेला होता. यात्रेस गेला नाहीं. दारांत घागर घेऊन बसला. "मूर्तीपुढें मी जायचा नाहीं," तो नातजांवयास म्हणाला, "पण चालून आलेल्याला पाणी द्यायला माझ्या बायबलांत मनाई नाहीं." जांवई हंसला आणि त्यानें दुसरी घागर भरून आणली. मुलाबाळांचा प्रश्न उद्यां उभा राहील, तेव्हां दोघांचीहि खरी परीक्षा आहे. तोंपर्यंत पाणी दिलें जात आहे, हें आम्हांस थोडें वाटत नाहीं.