ती कबुतरवाली बाई कोण होती?

'होम अलोन'चा दुसरा भाग आपल्या घरांतल्या मुलांनी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. नाताळच्या सुट्टीत तो कुठे ना कुठे लागतोच. त्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक बाई भेटते. अंगाखांद्यावर कबुतरं, मळके कपडे, विस्कटलेले केस. केव्हिन तिला पाहून आधी किंचाळत पळतो. मग ओळख होते, ती त्याला एका मोठ्या संगीतसभागृहाच्या माळ्यावर घेऊन जाते, आणि खाली वाद्यवृंद वाजत असताना वर अडगळीत बसून दोघं मनातलं बोलतात. चोरांच्या डोक्यात विटा पडतात ते प्रसंग मुलांना आवडतात. घरातल्या मोठ्यांच्या लक्षात राहतो तो हा माळा.

त्या बाईला चित्रपटात नाव नाही. श्रेयनामावलीतही ती नुसती 'कबुतरवाली बाई' आहे. ते काम केलंय ब्रेंडा फ्रिकर या डब्लिनच्या अभिनेत्रीने. चित्रपट १९९२ चा. आणि त्याच्या जेमतेम अडीच वर्षं आधी, मार्च १९९० मध्ये, याच बाईने उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर घेतलं होतं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली आयरिश अभिनेत्री. त्या वर्षी तिच्यासोबत नामांकनात ज्युलिया रॉबर्ट्स होती, अँजेलिका ह्यूस्टन होती. ज्युलिया रॉबर्ट्सचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ब्रेंडाच्या वाट्याला बिननावाची कबुतरवाली आली. वय हे त्याचं एक कारण, हॉलिवूडमध्ये पंचेचाळिशीच्या बाईला कोण नायिका करणार! पण दुसरं कारण तिच्या देशाच्या सिनेमात आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ब्रेंडाचा जन्म १७ फेब्रुवारी १९४५ चा. चौदा वर्षांची असताना तिला मोटारीने उडवलं आणि वाढीच्या वयातली जवळजवळ दोन वर्षं इस्पितळात गेली. क्षयानेही गाठलं होतं. नटी व्हायचं वगैरे काही ठरलेलं नव्हतं. 'द आयरिश टाइम्स' या वर्तमानपत्राच्या कचेरीत ती कलासंपादकांच्या हाताखाली काम करत होती आणि पुढे बातमीदार व्हावं असं मनात होतं. सिनेमात आली ती जवळपास योगायोगानेच. १९६४ चा 'ऑफ ह्यूमन बाँडेज' हा चित्रपट आयर्लंडमध्ये चित्रित झाला. नायिका अमेरिकेची किम नोव्हाक. त्यात ब्रेंडाला एक बारीकसं काम मिळालं, पडद्यावर नावसुद्धा नाही.

परदेशी नायिका आणि कडेला स्थानिक मुलगी, ही मांडणी लक्षात ठेवा. पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती फारशी बदलली नाही.

आयर्लंड किती छोटा देश, तर १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास. त्याच वर्षी एकट्या मुंबईत ९९ लाख लोक होते. एवढ्या प्रेक्षकांच्या तिकिटांवर चित्रपटांचा धंदा उभा राहत नाही. त्यात भाषेची गंमत. आयरिश लोकांची स्वतःची भाषा आहे, पण रोजचा व्यवहार बहुतेकांचा इंग्रजीत. त्यामुळे लंडनचं दार कायम उघडं. डब्लिनचा नट बोटीत बसला की दुसऱ्या दिवशी तिकडे काम मागू शकतो. आणि त्याच दारातून लंडनचा किंवा अमेरिकेचा मोठा नट आत येऊन आयरिश माणसाची मुख्य भूमिका करून जातो, कारण पैसा घालणाऱ्याला पोस्टरवर ओळखीचा चेहरा हवा असतो.

ब्रेंडाही लंडनला गेली. आयर्लंडच्या दूरदर्शनवर 'टोल्का रो' या तिथल्या पहिल्या घरगुती मालिकेत तिने काम केलं होतं, पण पोट भरायला तेवढं पुरेसं नव्हतं. लंडनची रंगभूमी, दूरदर्शनवरची फुटकळ कामं असं बरीच वर्षं चाललं. १९८६ मध्ये बीबीसीची 'कॅज्युअल्टी' ही इस्पितळातल्या अपघात विभागाची मालिका सुरू झाली आणि त्यातली मेगन ही आयरिश परिचारिका ब्रिटनमधल्या घराघरांत पोचली. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत आयर्लंडहून आलेल्या परिचारिका पिढ्यान्‌पिढ्या राबल्या आहेत. त्यामुळे बघणाऱ्यांना ती नटी वाटलीच नाही, वॉर्डातली सिस्टर वाटली.

त्याआधीचं तिचं एक काम मात्र आवर्जून सांगायला हवं. १९८२ चा 'द बॉलरूम ऑफ रोमान्स'. विल्यम ट्रेव्हर यांच्या कथेवर पॅट ओ'कॉनर यांनी दूरदर्शनसाठी केलेला छोटा चित्रपट. खेड्यातली ब्रायडी म्हाताऱ्या, अधू बापाला सांभाळते आणि दर शनिवारी सायकल मारत आडरानातल्या एका नाचघरात जाते. वर्षं सरत गेली आहेत, बरोबरीच्या मुली लग्न करून गेल्या, उरलेत ते दारूला लागलेले प्रौढ ब्रह्मचारी. त्या एका संध्याकाळी तिला कळतं की आता इथे यायचं वय राहिलं नाही. ही ब्रायडी म्हणजे ब्रेंडा, आणि इथे ती नायिका होती. काम बघाल तर म्हणाल, या बाईला आयुष्यभर नायिकेच्या भूमिका मिळायला काय हरकत होती? पण देणार कोण? तिच्या देशात वर्षाला चित्रपट निघायचेच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग 'माय लेफ्ट फूट' आला. क्रिस्टी ब्राउन हा डब्लिनचा खराखुरा लेखक-चित्रकार. गवंड्याच्या घरात १९३२ मध्ये जन्मला, सेरेब्रल पाल्सीमुळे सगळं शरीर जायबंदी, फक्त डावा पाय ताब्यात. त्या पायाने तो लिहायला आणि रंगवायला शिकला. आईला बावीस बाळंतपणं झाली, त्यातली तेरा मुलं जगली. दिग्दर्शक जिम शेरिडन यांचा हा पहिलाच चित्रपट. क्रिस्टी झाला डॅनिएल डे-लुईस, लंडनचा. चित्रीकरणाच्या काळात तो चाकांच्या खुर्चीतून उठायचा नाही, जेवणही दुसऱ्यांनी भरवावं लागे, याच्या कथा सगळ्या जगाने चघळल्या. समोर उभ्या असलेल्या आईबद्दल कुणी कथा रचल्या नाहीत. ब्रेंडा त्याच्याहून फक्त बारा वर्षांनी मोठी होती.

या चित्रपटात आईला भाषणं नाहीत. ती सतत काहीतरी करत असते. वाढते, धुते, उचलते. नवऱ्याची नोकरी गेलेली, घरात धड खायला नाही, तरी मुलाच्या चाकाच्या खुर्चीसाठी साठवलेल्या पैशांचा डबा तिने चुलाण्यात दडवून ठेवलेला आहे आणि ती त्याला हात लावू देत नाही. आपल्याकडे डाळीच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मग तो प्रसिद्ध प्रसंग. छोटा क्रिस्टी पायात खडू धरून फरशीवर पहिला शब्द लिहितो, आणि तो शब्द असतो 'आई'. बाप हरखतो, पोराला खांद्यावर टाकतो आणि गुत्त्यावर नेऊन सगळ्यांना सांगतो, हा बघा माझा मुलगा! आई घरीच. शब्द तिचा, मिरवणूक बापाची. यावर चित्रपट काहीच टिप्पणी करत नाही, ब्रेंडाही करत नाही.

सर्वांत मोठा प्रसंग विटांचा. तरुण क्रिस्टी प्रेमभंगाने मोडून पडलाय, बोलत नाही, रंगवत नाही. आई मागच्या परसात जाते आणि स्वतःच्या हातांनी विटा रचायला लागते, त्याला चित्रं काढायला स्वतंत्र खोली हवी म्हणून. वय झालेलं, गवंडीकाम येत नाही, भिंत वाकडी. नवरा येऊन हसतो, मग तो आणि पोरं चढाओढीने खोली बांधून काढतात. वाकड्या भिंतीचे पहिले चार थर रचताना ब्रेंडा जे करते, त्याला अभिनय म्हणायला जीभ रेटत नाही.

चित्रपटाला ऑस्करची पाच नामांकनं होती. डे-लुईसला मिळालं आणि ब्रेंडाला मिळालं. मंचावरून तिने क्रिस्टीच्या आईची आठवण काढली आणि बावीस बाळंतपणं काढणाऱ्या बाईला यातलं एक मिळायलाच हवं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. सभागृह हसलं.

आता यातली विसंगती बघा. आयर्लंडमध्ये कायद्याने स्थापन झालेलं सरकारी चित्रपट मंडळ होतं, ते १९८७ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बंद करण्यात आलं होतं. म्हणजे ज्या चित्रपटाने देशाचं नाव केलं, तो झाला तेव्हा देशाकडे चित्रपटांना हात देणारी संस्थाच नव्हती. पैसा इंग्लंडमधल्या ग्रनाडा टेलिव्हिजनकडून आणि आयर्लंडच्या सरकारी वाहिनीकडून आला. १९९३ च्या मार्चमध्ये नील जॉर्डन यांना 'द क्राइंग गेम'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं, आणि तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री मायकेल हिगिन्स (हे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी मंडळ पुन्हा सुरू केलं. आयरिश सिनेमाचा इतिहास सांगताना या दोन चित्रपटांच्या यशाला त्याचं श्रेय देतात.

मंडळ सुरू झालं, पण ब्रेंडाची जागा हलली नाही. शेरिडन यांच्याच 'द फील्ड'मध्ये (१९९०) ती जमिनीसाठी वेडा झालेल्या शेतकऱ्याची बायको आहे. थोरल्या मुलाने जीव दिल्यापासून ती नवऱ्याशी वर्षानुवर्षं एक शब्द बोललेली नाही. जवळजवळ सगळी भूमिका तिने मुकाट्याने केली आहे. बांधावरून भाऊबंदकी बघितलेल्या आपल्या लोकांना हा चित्रपट परका वाटणार नाही. नायक रिचर्ड हॅरिस, तो लिमरिकचाच, पण हा अपवाद. 'अ मॅन ऑफ नो इम्पॉर्टन्स' (१९९४) मध्ये डब्लिनचा बसकंडक्टर झाला इंग्लंडचा आल्बर्ट फिनी, ब्रेंडा त्याची बहीण. 'व्हेरॉनिका गेरिन' (२००३) मध्ये १९९६ साली गुंडांनी गोळ्या घालून मारलेली डब्लिनची पत्रकार झाली ऑस्ट्रेलियाची केट ब्लँचेट, ब्रेंडा तिची आई. 'आल्बर्ट नॉब्ज' (२०११) डब्लिनच्या हॉटेलातली गोष्ट, मुख्य काम अमेरिकेची ग्लेन क्लोज हिचं, ब्रेंडा स्वयंपाकीण.

हे सगळे नट थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते डब्लिनचे वाटतात ते शेजारी डब्लिनची बाई उभी असते म्हणून. बोलण्याची ढब, किटली ठेवण्याची रीत, दारात उभं राहून रस्त्याकडे बघणं, हे बाहेरच्या नटाला चार आठवड्यांच्या तालमीत येत नाही. ते सगळं ब्रेंडा बरोबर घेऊन येई.

इथे बेळगाव भागातल्या वाचकांना एक नाव आठवलं असेल. सुलोचना लाटकर चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. मराठीत त्या 'वहिनीच्या बांगड्या'सारख्या चित्रपटांच्या नायिका होत्या, हिंदीत मात्र आई. 'दिल देके देखो'मध्ये (१९५९) त्या शम्मी कपूरची आई झाल्या तेव्हा शम्मी त्यांच्याहून तीन वर्षांनीच लहान होता! छोट्या घरात मालकीण आणि मोठ्या वाड्यात आश्रित, असाच हा प्रकार. फरक एवढाच की मराठी सिनेमाची भाषा वेगळी असल्यामुळे मुंबईच्या हिंदी तारका येऊन सुलोचनाबाईंची मराठीतली जागा घेऊ शकल्या नाहीत. ब्रेंडाला ती भिंत नव्हती.

ऑस्करनंतर ती हॉलिवूडमध्ये फार रमली नाही. 'अ टाइम टू किल'मध्ये वकिलाची सेक्रेटरी, इकडेतिकडे एखादी आई, मग परत डब्लिन. मोठी भूमिका पुन्हा मिळाली ती २०११ मध्ये, 'क्लाउडबर्स्ट'मध्ये, ऑलिंपिया डुकाकिसच्या बरोबरीने. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन म्हाताऱ्या लग्न करण्यासाठी सीमा ओलांडून निघतात त्याची गोष्ट. तो चित्रपट हॉलिवूडचा नव्हता, कॅनडाचा होता. शेजारच्या अमेरिकेच्या सावलीत वाढलेला आणखी एक छोटा सिनेमा.

उतारवयात ती स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलू लागली. एकटी राहते, नाताळचे दिवस जड जातात, फोन बंद करून ठेवते, असं तिने आयर्लंडमध्ये रेडिओवर सांगितलं तेव्हा पुष्कळ लोक हळहळले. २०२५ मध्ये 'शी डाइड यंग' हे तिचं आत्मकथन आलं. त्यात लहानपणीचे घाव आहेत, मनाचे आजार आहेत. लहान मुलांच्या हाती देण्याचं पुस्तक नाही.

मधल्या काळात आयर्लंडचा सिनेमा मात्र बराच पुढे गेला. २०२३ च्या ऑस्करला 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'मधले आयरिश भूमिकांतले चारही नट आयरिश होते आणि चौघांनाही नामांकन होतं. 'अन कॅलिन क्यून' हा तर आयरिश भाषेतला चित्रपट, तोही परदेशी चित्रपटांच्या नामांकनात पोचला. त्याच्या आदल्याच वर्षी ७७ वर्षांची ब्रेंडा 'होल्डिंग' या मालिकेत दिसली होती. गोष्ट आयर्लंडच्या खेड्यातली, नायकही आयर्लंडच्या बेटावरचाच, कॉनलेथ हिल. ब्रेंडाची भूमिका अर्थातच सहाय्यक.

बघायचं ठरवलंत तर 'माय लेफ्ट फूट'पासून सुरुवात करा, आणि उपशीर्षकं लावून बघा. डब्लिनचं इंग्रजी पहिल्या अर्ध्या तासात कानाला पकडत नाही. 'द बॉलरूम ऑफ रोमान्स' जेमतेम तासाभराचा आहे, सापडला तर सोडू नका.