अत्तराला किती तारे?

सिनेमाला तारे मिळतात, हॉटेलांना मिळतात. सुगंधालाही मिळतात! ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००६ मध्ये चँडलर बर यांना चक्क परफ्यूम-समीक्षक नेमलं आणि त्यांच्या सदरात बाटल्यांना तारे पडू लागले. त्याच्या कितीतरी आधी, १९९२ मध्ये, ल्युका ट्युरिन या जीवभौतिकशास्त्रज्ञाने फ्रेंचमध्ये परफ्यूमची परखड मार्गदर्शिका काढली होती. २००८ मध्ये तान्या सांचेझ यांच्या जोडीने त्यांनी इंग्रजीतही तसाच जाडजूड ग्रंथ केला. त्यात बड्या घराण्यांच्या बाटल्याही एका ताऱ्यावर बोळवलेल्या सापडतात.

खोक्यावरची फुलांची नावं उतरवून काढली की झाली समीक्षा, असं मात्र नाही. लिली ऑफ द व्हॅली हे फूल घ्या. त्याचं तेल काही निघत नाही. १९५६ च्या ‘डिओरिसिमो’ या परफ्यूममध्ये हे फूल हुबेहूब भासतं, पण एदमों रूदनित्स्का यांनी तो भास दुसऱ्याच द्रव्यांतून उभा केलाय. म्हणून ‘यात लिली आहे’ एवढं लिहून भागत नाही. ती लिली ओलसर आहे की साबणासारखी, तासाभराने तिचं काय होतं, हे सांगावं लागतं.

हा तास फार मोलाचा. लिंबू-संत्र्याचा वास थोड्याच वेळात उडून जातो, चंदन मात्र रात्रीपर्यंत रेंगाळतं. दुकानात कागदी पट्टी हुंगून मत देणं म्हणजे नांदी ऐकून नाटकाचं परीक्षण लिहिणं! अंगाला लावून आख्खा दिवस काढायचा, मग लेखणी उचलायची. आणि नाक ‘ताजं’ करायला काउंटरवर ठेवतात त्या कॉफीच्या बिया? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांचा उपयोग साध्या हवेपेक्षा जास्त दिसला नाही.

नाकानाकांतही फरक. व्हायोलेट फुलांच्या वासामागे बीटा-आयोनोन नावाचा रेणू असतो. एका जनुकातल्या फरकामुळे तो काहींना फुलासारखा, तर काहींना आंबट, व्हिनेगरसारखा येतो. दोघंही खरंच बोलतात! म्हणून मला तो समीक्षक आवडतो, जो नुसतं ‘छान’ म्हणत नाही, कशाच्या शेजारी ठेवून छान तेही सांगतो.

बाटली कधीची, हेही लिहायलाच हवं. १९१९ च्या ‘मित्सुको’ या परफ्यूमचा कणा म्हणजे ओकमॉस, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं नातलग. त्यातल्या दोन घटकांनी त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला. साहजिकच आजीच्या आणि नातीच्या बाटलीवर नाव एकच असलं तरी आतला वास तोच असेल असं नाही. जुने वास हुंगायचे तर व्हर्सायच्या ‘ऑस्मोथेक’ची वाट धरावी. १९९० पासून तिथे परफ्यूम १२ अंश तापमानात, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली जपली जातात. समीक्षकांसाठी याहून मोठं ग्रंथालय नाही.

परफ्यूम ही कलाकृती आहे का? २००६ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुगंधाला कॉपीराइट नाकारला. तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोमच्या ‘त्रेझोर’ला तो दिला! बर यांनी आपलं उत्तर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात मांडलं. बाटल्या नाहीत, जाहिराती नाहीत. भिंतीतल्या खळग्यात नाक घालायचं, की वासाचा झोत यायचा. ब्रँडचा दिमाख बाजूला सारून वास घ्यायला लावणारी याहून सुंदर युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

आपणही या प्रांतात परके नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकातच हिशेब मांडला होता: सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० मिश्रणं होतात. ‘गंधवाद’ या जुन्या ग्रंथावर तर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. म्हणून मला मनापासून वाटतं, मराठी नियतकालिकांत अत्तराचं नियमित सदर असावं. पहिला लेख कन्नौजच्या शमामा या अत्तरावर हवा. त्यात कितीतरी मसाले आणि वनस्पती एकत्र येतात, आणि सकाळी मनगटाला लावलेला त्याचा वास संध्याकाळी पार वेगळा होऊन बसतो.