किण्वाची दारे आणि बुरशीची भूक

गोव्यातील पोदेर पूर्वी पावाचे पीठ फुगविण्यासाठी त्यात माडाची सूर घालीत असत. सुरेत अनेक सूक्ष्म जीव नांदतात, आणि किण्व अथवा यीस्ट हे त्यांपैकीच एक होय. ते पिठातील साखर खाते व कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडते, आणि त्या वायूनेच पीठ फुगते. परंतु किण्वाला तोंड नाही, दात नाहीत, पोटही नाही. मग साखर त्याच्या अंगात शिरते तरी कशी? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तराशी रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाच्या जिवाचाही संबंध पोहोचतो.

किण्व म्हणजे एकच पेशी. तिचा व्यास सामान्यतः ५ ते १० मायक्रोमीटर असतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास एक मायक्रोमीटर म्हणतात. या पेशीभोवती बाहेरून एक भित्ती असते. ती बळकट असली, तरी बांबूच्या टोपलीप्रमाणे सच्छिद्र असल्याने लहान कणांना अडवीत नाही. खरा पहारा असतो तो भित्तीच्या आतील पटलाचा. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे बनलेले असून त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी भरते. तेल आणि पाणी मिसळत नाहीत हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच न्यायाने पाण्यात विरघळलेली साखर, क्षार आणि अमिनो आम्ले हे स्निग्ध पटल आपण होऊन ओलांडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसविलेली असतात, आणि प्रत्येक दार ठराविक पाहुण्यालाच आत घेते.

घास मोठा असेल तर तो आधी बाहेरच फोडावा लागतो. उसाच्या साखरेचा कण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांच्या जोडणीने बनलेला असतो. किण्व इन्व्हर्टेज नावाचे विकर आपल्या पटलाबाहेर सोडते, ते ही जोडी तोडते, आणि मग सुटे कण दारातून आत जातात. ग्लुकोजच्या दाराला निराळी शक्ती खर्चावी लागत नाही. बाहेर ग्लुकोज जास्त आणि आत कमी असल्यामुळे उतारावरून पाणी वाहावे तसे ते आत वाहते. आत आलेल्या कणाला पेशी तत्काळ फॉस्फेटची खूण जडवते. खूण जडलेला कण त्या दाराने परत जाऊ शकत नाही, आणि उतारही कायम राहतो.

ही दारे एकाच प्रकारची नसतात. अन्न विपुल असताना उपयोगी पडणारी दारे बाजारच्या दिवशीच्या वेशीसारखी सताड उघडी असतात. त्यांतून पुष्कळ माल जातो, पण तुरळक कण त्यांच्या हाती लागत नाहीत. टंचाईच्या काळात दुसरीच दारे पुढे येतात, आणि ती चुकार कणदेखील पकडतात. बाहेर साखर किती आहे हे जोखणारी प्रथिनेही पटलात असतात, आणि त्यांच्या इशाऱ्यावरून कोणती दारे घडवावयाची हे ठरते. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी किण्वाची साखरेची दारे एकामागून एक नाहीशी करून पाहिली. साखरेचा प्रवेश पूर्ण बंद पाडण्यासाठी त्यांना किमान २० जनुके काढून टाकावी लागली. भुकेच्या बाबतीत निसर्गाने या चिमुकल्या जीवाची केवढी तरतूद करून ठेवली आहे, याची यावरून कल्पना यावी.

पण सर्वच अन्न उतारावरून येत नाही. पुष्कळदा हवा असलेला पदार्थ बाहेर अल्प आणि आत अधिक असतो, तरीही तो आणखी आत खेचावा लागतो. त्यासाठी पेशीच्या पटलात एक पंप असतो. तो पेशीच्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्चून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, बाहेर ढकलीत राहतो. पाणी उंच टाकीत चढवावे आणि खाली येणाऱ्या धारेच्या जोरावर चाक फिरवावे, तसाच हा प्रकार होय. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येऊ पाहतात, आणि येताना माल्टोज शर्करेचा किंवा अमिनो आम्लाचा कण हाताशी धरून आणतात. पिठातील स्टार्चपासून निघणारी माल्टोज किण्वाला याच मार्गाने मिळते. ग्लुकोज भरपूर असेल तर पेशी माल्टोजची दारे पटलावरून आत ओढून मोडून टाकते. सोपे अन्न असताना कष्टाचे दार राखण्याचे कारण नसते.

मनुष्याच्या शरीरात रोग माजविणाऱ्या बुरशींचा व्यवहारही याच तत्त्वांवर चालतो. मात्र तेथे त्यांना एका वस्तूची मोठी चणचण भासते, ती म्हणजे लोह. रक्तात लोह असते, पण ते मोकळे नसते. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन आणि रक्तद्रवातील ट्रान्स्फेरिन ही प्रथिने ते घट्ट धरून ठेवतात. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून गावकऱ्यांनी धान्य पेवात लपवावे, तशीच ही शरीराची युक्ती होय. बुरशीही कमी नाहीत. फुप्फुसात घर करणारी ॲस्परजिलस फ्युमिगेटस लोह पकडणारे लहान रेणू बनवून बाहेर पाठविते आणि लोहासह त्यांना परत आत घेते. कँडिडा अल्बिकन्सला असे रेणू बनविता येत नाहीत, परंतु इतरांनी बनविलेले असे काही रेणू आत घेण्याचे दार तिच्यापाशी आहे. शिवाय हिमोग्लोबिनमधूनही ती लोह मिळवू शकते.

२०२१ मध्ये कोविडच्या साथीबरोबर भारतात म्युकरमायकोसिस पसरला. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ हे नाव दिले. गुजरात आणि महाराष्ट्र या राज्यांत त्याच्या रुग्णांची संख्या सर्वांत मोठी होती, आणि त्यांपैकी बहुतेकांना मधुमेह होता किंवा स्टेरॉइड औषधे दिली गेली होती. रक्तशर्करा वाढली की शरीराचे रक्षक दुबळे होतात. मधुमेह अनावर होऊन रक्तातील आम्लता वाढली, तर ट्रान्स्फेरिनची लोहावरील पकडही सैल पडते, आणि रायझोपस बुरशीला हवे ते आयते मिळते. याचा एक पुरावा त्यापूर्वीच हाती आला होता. १९८० च्या दशकात डायलिसिसवरील काही रुग्णांना अंगातील जादा लोह किंवा ॲल्युमिनियम काढण्यासाठी डेफेरॉक्सामिन हे औषध दिले जाई. त्यांच्यापैकी काहींना हाच रोग जडला. ते औषध मुळात मातीतील जिवाणूंचा लोहग्राही रेणू होता, आणि त्याने धरलेले लोह रायझोपस काढून घेऊ शकत होती.

वैद्यकाने या दारांचा उलटा उपयोगही करून घेतला आहे. फ्लुसायटोसिन हे औषध १९५७ मध्ये कर्करोगासाठी तयार झाले, पण तेथे ते निरुपयोगी ठरले. कँडिडा आणि क्रिप्टोकोकस या बुरशी मात्र त्याला सायटोसिन हे आपले अन्न समजून प्रोटॉनच्या दारातून आत घेतात. आत त्यांचेच विकर त्याचे विषात रूपांतर करते. मनुष्याच्या पेशींत ते विकर नसल्यामुळे रुग्ण बचावतो. ॲम्फोटेरिसिन हे दुसरे औषध दाराच्या नादी न लागता पटलावरच घाला घालते. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असते, तर आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. हे औषध एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट धरते. तथापि दोहोंत पुष्कळ साम्य असल्याने मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती राहते.

बुरशी आपले दार बंदही करू शकते. सायटोसिनचे दार गमावलेली एखादी पेशी फ्लुसायटोसिनला दाद देत नाही. सायटोसिन तिला स्वतः बनविता येते, म्हणून त्या दारावाचून तिचे काही अडत नाही. थोड्याच दिवसांत तिचीच प्रजा वाढते. म्हणून हे औषध शक्यतो एकटे दिले जात नाही. क्रिप्टोकोकसमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केलेल्या उपचारात ॲम्फोटेरिसिनच्या एका मोठ्या मात्रेनंतर फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल १४ दिवस द्यावयाचे असते. एका औषधाला दार बंद झाले, तरी दुसरे तटालाच भगदाड पाडते. तिकडे मधुमेही रुग्णाने आपली रक्तशर्करा आटोक्यात ठेवली, तर रायझोपसच्या दाराशी लोहाची पंगत मांडली जाण्याची वेळच सहसा येत नाही.